दोन बांगड्या, एक वही आणि इलेक्ट्रॉनची आदळाआदळ

जुलैत गुहागरला मामाकडे गेलो होतो, पाऊस असा की तीन दिवस अंगणात पाय ठेवता आला नाही, लाईट तर दुसऱ्याच दिवशी गेलेली, आणि मामेबहीण एमएस्सीची वही घेऊन पडवीत बसलेली. म्हणाली, दादा, ग्राफीनमधे एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर आदळतो म्हंजे नेमकं होतं काय, पुस्तकात दोन ओळी झाल्या की डायरेक्ट पानभर इंटिग्रलच येतं. मी म्हटलं इंटिग्रल राहू दे बाजूला, आधी मामीकडून दोन बांगड्या आण, सारख्या मापाच्या. त्या दिवशी तिला जसं सांगितलं तसंच इथे लिहितोय. बीएस्सीचं फिजिक्स झालं असेल तर पुरे, व्हेक्टरची बेरीज आली पाहिजे आणि एका जागेवर (म्हंजे एका क्वांटम स्टेटमधे) एकच इलेक्ट्रॉन बसतो हे माहीत पाहिजे, बस.

सुरुवात कॅरमपासून करायची, पण लगेच सोडून द्यायची. कॅरममधे एक सोंगटी थांबलेल्या दुसऱ्या सोंगटीला तिरकी लागली की दोघी साधारण काटकोनात पांगतात, कारण वजन सारखं आणि मोमेंटम, एनर्जी दोन्ही जपावी लागते. यातलं मोमेंटम आणि एनर्जीचं कलम इलेक्ट्रॉनलाही लागू, ते घ्या. बाकीचं टाकून द्या. एक तर इलेक्ट्रॉन एकमेकांना शिवतच नाहीत, लांबूनच ढकलतात. दुसरं म्हंजे कॅरमचा बोर्ड बराचसा रिकामा असतो, सोंगटी कुठेही जाऊ शकते, इलेक्ट्रॉनचा बोर्ड मात्र जवळजवळ भरलेला असतो आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आधी लांबून ढकलण्याचं बघू. ग्राफीन म्हंजे कार्बनचा एकच थर, २००४ मधे मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून तो वेगळा केला, २०१० चं नोबेल त्यांनाच. त्यात नेहमीच्या प्रयोगात दर चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटीच्या आसपास मोकळे इलेक्ट्रॉन असतात. ऐकायला प्रचंड, पण वर्गमूळ काढा, एका सेंटिमीटरला १० लाख, म्हंजे दोन इलेक्ट्रॉनमधे सरासरी १० नॅनोमीटर अंतर. दोन कार्बन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, म्हंजे इलेक्ट्रॉन तसे ऐसपैस बसलेत. तरी त्यांना एकमेकांची जाणीव असते, कारण थर सपाट आहे.

हे सपाटपणाचं प्रकरण आमच्याकडच्या गडग्यासारखं आहे. बागेला जांभ्याचा गडगा घातला की गुरं थांबतात, पण वानरं वरून येतातच, आंबे जायचे ते जातात. तांब्याच्या गोळ्यात एका इलेक्ट्रॉनभोवती बाकीचे चहूबाजूंनी गोळा होतात आणि त्याचं विद्युत क्षेत्र थोड्याच अंतरात झाकून टाकतात, तिथे झाकणं एक्स्पोनेन्शियल असतं. सपाट थरात झाकणारे इलेक्ट्रॉन फक्त त्याच प्रतलात, क्षेत्ररेषा मात्र वरून आणि खालून बाहेर पडून पलीकडे उतरतात. म्हणून झाकलं जातं पण अर्धवटच, आणि उरलेला जोर अंतराच्या घाताने हळूहळू कमी होतो. यातून कामाची गोष्ट अशी निघते की थराच्या वरखाली काय ठेवलंय त्यावर आदळण्याचा जोर ठरतो. ग्राफीन नुसतं हवेत टांगलं तर त्यातला जोर मोजणारा आकडा (प्रकाशासाठी जो १/१३७ असतो, फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट, त्याचा भाऊ) साधारण २.२ येतो, कारण या आकड्यात वेगाने भागायचं असतं आणि इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या तीनशेव्या भागाएवढाच आहे. बोरॉन नायट्राइडच्या (वीज न वाहणारा स्फटिक) दोन थरांमधे गुंडाळलं तर तोच अर्ध्याच्या आसपास उतरतो. आणि वानरांवर वरून जाळी टाकतात तसं धातूचं गेट, म्हंजे शेजारची धातूची पाटी, अगदी काही नॅनोमीटरवर आणलं तर आणखी झाकता येतो, पण ते खरंच तेवढं जवळ पाहिजे, १० नॅनोमीटर हा आकडा वर आलाय तो लक्षात ठेवा.

आता भरलेला बोर्ड. फिजिक्सवाले याला फर्मीचा समुद्र म्हणतात आणि आपल्याला समुद्र समजावून सांगायला नको. तळाशी पाणी गच्च, हालचाल सगळी वरच्या पातळ थरात. एनर्जीच्या खालच्या जागा सगळ्या भरलेल्या, तिथला इलेक्ट्रॉन कुणावर आदळून जाणार कुठे, शेजारच्या सगळ्या जागा बुक आहेत. फक्त काठावरचे, म्हंजे फर्मी एनर्जीच्या (समुद्राच्या पृष्ठभागाची एनर्जी) केटी एवढ्या आसपास असलेले (के म्हंजे बोल्ट्झमनचा आकडा, टी तापमान), हलू शकतात. त्यामुळे आपला इलेक्ट्रॉन कितीदा आदळेल ते काढायचं तर दोनदा चाळण लावायची. धडकायला जोडीदार पाहिजे तो काठावरचाच, म्हणून केटी भागिले फर्मी एनर्जी हा एक गुणक. आणि धडकून झाल्यावर बसायला रिकामी जागा पाहिजे ती पण काठावरचीच, म्हणून तोच गुणक परत एकदा. दोन्ही मिळून तापमानाचा वर्ग. सोव्हिएत फिजिसिस्ट लान्दाउने १९५० च्या दशकात फर्मी लिक्विडची (म्हंजे एकमेकांना ढकलणाऱ्या कणांच्या अशा समुद्राची) थिअरी मांडली तिचा हा गाभा. सपाट मटेरियलमधे त्या वर्गाला एक लॉगरिदम चिकटतो, जिउलियानी आणि क्विन यांचा १९८२ चा पेपर त्यासाठी सगळे सांगतात, पण ढोबळ हिशोबात तो सोडला तरी चालतो.

बांगड्या आल्या. मामीने देताना बजावलं, वाढवू नका रे. (आमच्याकडे काचेची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.)

एक बांगडी वहीवर ठेवा आणि बाहेरून पेन्सिल फिरवा. हे वर्तुळ म्हंजे मोमेंटमचा नकाशा, जागेचा नाही, इथेच पोरं गडबडतात. केंद्रापासून वर्तुळावरच्या बिंदूपर्यंत बाण काढला की तो एका इलेक्ट्रॉनचा मोमेंटम. वर्तुळाच्या आत सगळं भरलेलं, बाहेर रिकामं, आणि काठ म्हंजे जिथे हालचाल होते ती जागा. आता काठावर कुठेही दोन ठिपके द्या, एक घड्याळातल्या बारावर आणि एक चारवर समजा. हे आपले धडकणारे दोन इलेक्ट्रॉन. धडकल्यावर दोघांचा एकूण मोमेंटम तोच राहिला पाहिजे आणि दोघं परत काठावरच सापडले पाहिजेत, कारण आत जागा नाही आणि फार बाहेर जायला एनर्जी नाही.

दुसरी बांगडी उचला आणि अशी सरकवा की ती त्याच दोन ठिपक्यांवरून जाईल, पण पहिल्या वर्तुळावर बसता कामा नये. अशी जागा एकच सापडते. तिथे तिचं केंद्र बरोबर दोघांच्या मोमेंटमच्या बेरजेवर येतं, हवं तर पट्टीने तपासा, समभुज चौकोन तयार होतो. आता नियम असा की धडकेनंतर एक इलेक्ट्रॉन जिथे जाईल तो बिंदू पहिल्या वर्तुळावर पाहिजे आणि दुसऱ्या बांगडीवरही पाहिजे, तरच त्याच्या जोडीदाराला काठावर जागा मिळते. दोन वर्तुळं छेदतात किती ठिकाणी? दोनच. आणि ते दोन बिंदू म्हंजे आपण मघाशी दिलेले तेच दोन ठिपके!

म्हंजे धडक होऊन झालं काय तर काहीच नाही, एक तर दोघं होते तिथेच राहिले किंवा जागांची अदलाबदल केली, आणि इलेक्ट्रॉन सगळे सारखे असल्याने अदलाबदल झाली काय न झाली काय, काळ्या सोंगट्यांतल्या दोन काळ्या बदलल्यासारखं. बहीण दोन मिनिटं बांगडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, मग हे आदळतात कशाला. मी म्हटलं आता ठिपके समोरासमोर दे, बारावर आणि सहावर. दुसरी बांगडी सरकवायला गेली तर ती पहिल्या वर्तुळावर येऊन तंतोतंत बसली. बेरीज शून्य, केंद्र एकच, दोन बांगड्या सगळीकडे एकमेकींवर. म्हंजे समोरासमोर आलेली जोडी धडकेनंतर कुठल्याही दिशेला फिरू शकते, फक्त परत समोरासमोरच निघाली पाहिजे. तांब्याच्या गोळ्यात हा प्रकार नाही, तिथे दोन गोल एकमेकांना छेदतात ते अख्ख्या वर्तुळात, त्यामुळे कुठल्याही जोडीला फिरायला वाव असतो. सपाट मटेरियलमधे मात्र दिशा खरोखर बदलायची मुभा मुख्यतः समोरासमोरच्या जोड्यांना. थोडी ढील आहे, काच जाड असते ना, तशी काठालाही केटी एवढी जाडी आहे, म्हणून जवळजवळ समोरासमोर असलेल्या जोड्यांना आणि अगदी शेजारी असलेल्यांनाही थोडं सरकता येतं, आणि तो वरचा लॉगरिदम असल्याच कानाकोपऱ्यांतून येतो.

याचा पुढचा परिणाम मला स्वतःला सगळ्यात आवडतो. समोरासमोरची जोडी उठली की काठाच्या एका बाजूचा एक कमी होतो आणि बरोबर विरुद्ध बाजूचाही एक कमी होतो, आणि बसते तिथेही दोन्ही बाजूंना एकेक वाढतो. म्हंजे समोरासमोरच्या दोन बाजूंमधला जो फरक असेल तो या धडकांनी मिटतच नाही. बांगडी दाबून लंबगोल केली तर ती चटकन परत गोल होते, पण तीन टोकं काढलीत (टोकासमोर खळगा येईल अशी) तर तो आकार बराच वेळ टिकतो. फिजिसिस्ट गुर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ मधे दाखवलं होतं आणि २०१९ मधे एमआयटीच्या लेविटोव्ह यांच्या गटाने त्यावरून सपाट इलेक्ट्रॉनचा प्रवाह साध्या द्रवापेक्षा वेगळा कसा वागेल ते मांडलं. बांगडीवर तीन टोकं काढून बघायच्या भानगडीत पडू नका.

आता आकडे काढू, कारण आकड्याशिवाय हे सगळं गजालीतच जमा. तीन गोष्टी पाठ करा, बाकी तोंडी होतं. खोलीच्या तापमानाला केटी म्हंजे २६ मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट. एचबार (प्लांकचा आकडा भागिले २ पाय) म्हंजे ०.६५८ मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट गुणिले पिकोसेकंद. आणि ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण १० लाख मीटर पळतो, म्हंजे एका पिकोसेकंदात बरोबर एक मायक्रॉन, हे तर देवाने हिशोब सोपा व्हावा म्हणूनच दिलंय. फर्मी एनर्जी काढायला घनतेला पायने गुणायचं, वर्गमूळ घ्यायचं, एचबार आणि वेगाने गुणायचं, वरच्या एक लाख कोटीच्या घनतेला ती ११७ मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट येते.

मग वरच्या दोन गुणकांना फर्मी एनर्जीने गुणा, उरतो केटीचा वर्ग भागिले फर्मी एनर्जी, म्हंजे २६ चा वर्ग ६७६, भागिले ११७, आले ५.८. एचबारला त्याने भागलं की दोन धडकांमधला वेळ येतो, ०.६५८ भागिले ५.८, म्हंजे ०.११ पिकोसेकंद. वेगाने गुणा, ०.११ मायक्रॉन. एवढं अंतर गेला की इलेक्ट्रॉन दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर एकदा आदळलेला असतो. तापमान १०० केल्विन केलं तर केटी ८.६, तेच गणित, उत्तर एक मायक्रॉन. ४ केल्विनला केटी ०.३४५ उरतो आणि लांबी साडेसहाशे मायक्रॉनच्या घरात जाते, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त, एवढा मोठा स्वच्छ तुकडा सहसा कुणाकडे नसतो, म्हंजे तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना न भेटता सरळ कडेला जाऊन आपटतात. हा ढोबळ हिशोब आहे, जोराचा आकडा आणि लॉग दोन्ही सोडलेत, त्यामुळे दुप्पट तिप्पट इकडेतिकडे होईल, पण शंभरपट चुकणार नाही.

यानंतर सगळे जी चूक करतात ती मीही केलीय. एमएस्सीच्या व्हायवात मी हे सगळं फाडफाड सांगितलं आणि शेवटी जोशात म्हटलं की तापमान वाढलं की धडका वाढल्या, म्हणून रोध वाढला. समोरच्या सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, मोमेंटम गेला कुठे? मी गप्प. दोन इलेक्ट्रॉन धडकले तर एकाने गमावलेलं दुसऱ्याला मिळतं, घरातला पैसा घरातच, एकूण मोमेंटम तेवढाच, म्हंजे करंटही जवळपास तेवढाच. रोध येतो तो मोमेंटम घराबाहेर गेल्यावर, म्हंजे अशुद्धतेला, जाळीच्या कंपनांना किंवा कडेला दिल्यावर. नुसत्या आपसातल्या आदळाआदळीने रोध होत नाही हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, माझे मार्क गेले ते गेले.

म्हणून कुठलाही प्रयोग हातात आला की तीन लांब्या शेजारी लिहायच्या, एक आपण आत्ता काढली ती इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन लांबी, दुसरी मोमेंटम बाहेर जाण्याची लांबी (बोरॉन नायट्राइडमधल्या चांगल्या ग्राफीनला खोलीच्या तापमानाला ही मायक्रॉनभर असते, थंड केल्यावर १० मायक्रॉनच्याही पुढे), आणि तिसरी ग्राफीनच्या पट्टीची रुंदी. पहिली सगळ्यात लहान असेल आणि मोमेंटमची लांबी सगळ्यात मोठी असेल तर इलेक्ट्रॉन पाण्यासारखे वाहायला लागतात. आणि पाणी कसं वाहतं ते दाभोळच्या खाडीत होडी घालणाऱ्याला विचारा, ओहोटीच्या विरुद्ध वर जायचं असेल तर तो मधून जात नाही, काठ धरतो, कारण मधे ओढ जास्त आणि काठाला कमी. ग्राफीनच्या पट्टीत अगदी तसंच मधे जोरात आणि कडेला हळू वाहताना २०१९ मधे प्रत्यक्ष बघितलं गेलं, कार्बन नॅनोट्यूबचा बारीक सेन्सर वरून फिरवून.

त्याआधीचा क्रम थोडक्यात. १९६३ मधे गुर्झी यांनी म्हटलं होतं की अशा पट्टीत तापमान वाढल्यावर रोध उलट कमी व्हायला पाहिजे, कारण मधले इलेक्ट्रॉन एकमेकांत अडकून कडेपर्यंत पोचतच नाहीत. १९९५ मधे मोलेनकाम्प आणि डी योंग यांना गॅलियम आर्सेनाइडच्या तारांमधे ते दिसलं. २०१६ मधे मँचेस्टरवाल्यांनी ग्राफीनमधे करंट सोडण्याच्या जागेशेजारी व्होल्टेज उलट्या चिन्हाचं मोजलं, म्हंजे तिथे भोवरा होऊन पाणी मागे फिरत होतं. त्यावरून त्यांनी चिकटपणा काढला तो ०.१ चौरस मीटर प्रति सेकंद, मधाच्या दहापट. आपल्या हिशोबाने बघा, चिकटपणा म्हंजे वेग गुणिले लांबी भागिले ४, तो येतो ०.०३ च्या आसपास, दोन ओळींच्या गणिताला हे काही वाईट नाही. यात एक उलटं दिसेल ते नीट पचवा, आदळाआदळ जितकी जास्त तितका चिकटपणा कमी, कारण लांबी लहान झाली. आणि २०१७ मधे तर अरुंद फटीतून जाताना धडकणारे इलेक्ट्रॉन न धडकणाऱ्यांपेक्षा सोपे सुटतात हे मोजलं गेलं, मधले कडेच्यांना बरोबर ओढून नेतात म्हणून. गणपतीत आमच्या स्टेशनच्या जिन्यावर असं कधी झालेलं मी बघितलेलं नाही.

बांगडीची रीत कुठे चालत नाही ते पण सांगायला हवं, नाहीतर सगळीकडे बांगड्या घेऊन फिराल. ग्राफीन बोरॉन नायट्राइडवर अगदी जुळवून ठेवलं की मोठ्या घरांची नक्षी तयार होते, तिथे दोन इलेक्ट्रॉन धडकून एकूण मोमेंटमचा एक हप्ता जाळीला देऊन टाकू शकतात, याला उमक्लाप म्हणतात, आणि मग आपसातल्या धडकांनीही रोध वाढतो, २०१९ मधे हे मोजलंय. दुसरी जागा म्हंजे ग्राफीनचा न्यूट्रल बिंदू. तिथे फर्मी एनर्जी शून्य, म्हंजे बांगडीच आक्रसून ठिपका झाली. इलेक्ट्रॉन आणि होल (म्हंजे इलेक्ट्रॉनने सोडलेली रिकामी जागा) सारखेच, व्होल्टेज लावलं की दोघं उलट दिशांना पळतात आणि एकमेकांवर आदळून करंट मोडतात, एकूण मोमेंटम जपूनही. मात्र उष्णता नेताना दोघं एकाच दिशेला जातात, तिथे अडत नाही. त्यामुळे उष्णता आणि वीज वाहण्याचं प्रमाण, जे साध्या धातूत ठरलेलं असतं, ते इथे पार बिघडतं, बंगळुरूच्या आयआयएस्सीमधे २०२५ मधे ते २०० पटीहून जास्त बिघडलेलं दिसलं.

तिसरी अडचण मटेरियल बदललं की येते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमधे (हेही सपाट थराचं मटेरियल) इलेक्ट्रॉन जड आहेत, त्याच एक लाख कोटीच्या घनतेला फर्मी एनर्जी २ ते ५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्टच भरते आणि खोलीत केटी २६. काठाची जाडी अख्ख्या समुद्राच्या खोलीपेक्षा जास्त झाली, तिथे वर्गाचा फॉर्म्युला लावायचाच नाही, आधी थंड करा किंवा घनता वाढवा. बहिणीने दुसऱ्या दिवशी हेच करून बघितलं पण ग्राफीनसाठी, घनता चौपट, तापमान खोलीचं. तुम्ही पण करा, फर्मी एनर्जी दुप्पट होते आणि लांबी ०.२३ मायक्रॉन येते. एक बांगडी वाढली तेवढी, मामीला अजून सांगितलेलं नाही.